मुळगावच्या खंदकातल्या पंपास

खंदकातल्या पंपास,

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मुळगावच्या एका शेतकऱ्याचं हे पत्र. वर नमस्कार लिहिलेला नाही, कारण तो मनापासून आला नसता.

तुलाच का लिहितो ते आधी सांगतो. माणसांना लिहून झालं. निवेदनं दिली, ग्रामसभांत ठराव झाले, ट्रक अडवले, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातल्या गावांनी कोर्टाच्या पायऱ्याही चढून पाहिल्या. पण ज्याच्या नावे कागद लिहावा तो माणूस उत्तर येईपर्यंत बदललेला असतो. खाणींचे परवाने पोर्तुगिजांनी दिले, ते 1961 मध्ये गेले. 1987 च्या कायद्याने त्या परवान्यांच्या लीज झाल्या. या सगळ्या लीज 22 नोव्हेंबर 2007 लाच संपल्या होत्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. मधली जवळजवळ पाच वर्षं, 2012 ची खाणबंदी येईपर्यंत, मुदत संपलेल्या लीजवर तू पाणी उपसत होतास. पुढे 88 लीजांचं नूतनीकरण झालं, तेही 7 फेब्रुवारी 2018 ला रद्द झालं आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. डिसेंबर 2022 मध्ये लिलावात डिचोलीचा पहिला ब्लॉक गेला, 2024 मध्ये खोदकाम पुन्हा सुरू झालं. मालक बदलले, सरकारं बदलली, कायदे बदलले. खंदकाच्या तळाशी आधी तू होतास आणि आजही तूच आहेस. गावाच्या पाण्याशी एवढा जुना संबंध खाणीतल्या दुसऱ्या कुणाचाच नाही, तेव्हा हिशेब तुझ्याशीच करतो.

पहिला मुद्दा पावसाचा. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी, फुकट, आभाळातून. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचं गाव आहे. तिथे पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास, आमच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले आणि त्या गावाने स्वतःवर बंधनं घालून घेतली. शेतीसाठी बोअर मारायची नाही. उसाच्या वाटेला जायचं नाही. पाऊस संपला की गावात किती पाणी मुरलं याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मगच रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. ज्या गावाला आभाळ इतकं कमी देतं, ते गाव पाण्याचा हिशेब ठेवून पिकतं. ज्यांना आभाळ भरभरून देतं, त्या आमच्या खाणपट्ट्यातल्या गावांत उन्हाळ्याला टँकर फिरतात. आम्ही आळशी आहोत म्हणून हे झालेलं नाही. आमच्या ताळेबंदात एक खर्च लिहिलेलाच नसतो, आणि तो खर्च तू आहेस.

आमच्या डोंगराच्या पोटात काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तू तिथेच बसलेला आहेस. तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. वर जांभा, भोकाभोकांचा, पावसाळ्याचं पाणी पिऊन घेणारा. त्याखाली चिकणमातीचा थर, पाण्याला सहजी खाली जाऊ न देणारा. या दोन थरांच्या सांध्यावर, डोंगराच्या कुशीत, झर फुटते. आमची कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, अशा झरींच्या आधाराने उभी राहिली. झरीचं पाणी पाटाने आधी माडा-माडीला, केळीला, मिरवेलीला मिळायचं, तिथून तळीत, तळीतून शेतात. एकाच पाण्याला तीन कामं होती आणि कुणाला वीज लागत नव्हती. जांभ्याच्या आणि मातीच्या खाली खनिज. त्यातलं भुकटी खनिज नुसता दगड नव्हे, ते स्वतः पाणी धरून असतं. गोवा विद्यापीठातले ए. जी. चाचडी यांच्यासारख्या भूजलाच्या अभ्यासकांनी खाणपट्ट्यातलं पाणी वर्षानुवर्षं मोजलं, तपासलं, आणि हे पाणीधरू थर खाणीने कसे कापले जातात ते मांडलं.

आता खाण काय करते ते बघ. एक टन खनिज हाती लागायला अडीच ते तीन टन जांभा-माती बाजूला सारावी लागते. म्हणजे पाणी साठवणारा थर सगळ्यात आधी उचलून डंपावर जातो. मग खनिज काढता काढता खंदक भूजलाच्या पातळीखाली उतरतो. गोव्यातले काही खंदक तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. एवढा खोल खड्डा पडला की भोवतालच्या जमिनीतलं पाणी त्याच्या दिशेने सरकणारच, त्याला दुसरी वाट नाही. ते तळाशी साचलं की मशीन चालत नाही. म्हणून तुला बसवतात. तू ते उपसतोस, की आणखी पाणी सरकतं, की तू आणखी उपसतोस. तुझ्या कष्टाळूपणावर शंका घ्यायला जागाच नाही. रात्री गाव झोपलेलं असताना तू जागा असतोस, सणावारी सुट्टी घेत नाहीस, आणि विहिरीच्या कठड्याला लागून उभ्या राहिलेल्या बायकांना घागर किती खोल सोडावी लागते हे बघायला एकदाही वर आलेला नाहीस.

त्यात तुझा हंगाम आणि वायंगणाचा, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचा, हंगाम एकच. पावसाळ्यात खोदकाम थांबतं, खंदक भरतो. पाऊस सरला की तुला सुरू करतात. त्याच सुमाराला आम्ही पावसाळी भात कापून मोकळे होतो, व्हाळाला माती-दगड-झावळ्यांचा बंधारा घालतो, तरव्याची जागा तयार करतो. तेव्हा व्हाळात पाणी असतंच. तू त्यात आणखी ओततोस, तेही तांबडं. ते आमच्याकडे न थांबता नदीला आणि नदीतून समुद्राला मिळतं. पुढे फेब्रुवारी-मार्चात भात पोटरीत येतं, शेतात पाणी टिकायलाच हवं असतं, आणि नेमकी तेव्हा झर आटलेली असते. वायंगण होत नाही म्हटल्यावर माणूस आळसांदे टाकून बघतो, तांबडी भाजी करतो, मिरची लावतो. त्यांनाही पाणी लागतं, कमी लागतं एवढंच. शेवटी मेरीवर गवत वाढतं आणि कागदावर मात्र ती जमीन शेतजमीनच राहते.

माडीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, दुखणं याहून लांबचं. भात एका हंगामात गेलं तर पुढच्या हंगामात परत लावता येतं. माडीला एक उन्हाळा पाणी कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी होतात, मग कोवळी सुपारी गळते, आणि दोन-तीन वर्षं असंच गेलं की शेंडा बारीक होत जातो. तसा शेंडा झालेलं झाड पुन्हा पूर्वीसारखं क्वचितच सावरतं. नवं रोप लावावं तर फळ धरायला पाच-सहा वर्षं. आजोबाने लावलेलं कुळागर नातवाच्या डोळ्यांदेखत असं शेंड्याकडून मरतं, आणि ते इतक्या सावकाश मरतं की पंचनामा कोणत्या तारखेचा करायचा हेच ठरत नाही. नुकसानीचे फॉर्म पुरासाठी असतात, वादळासाठी असतात. झरीसाठी फॉर्म नाही.

तुझी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सांगितली तर त्यांना ती खरी वाटत नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा तुझ्या नळाचं पाणी कुठे कुठे शेताकडे वळवलं जाई. झर गेलेली, व्हाळ गाळाने भरलेला, तेव्हा शेतकऱ्यालाही तेच पाणी धरावं लागलं. शेत तुझ्यावर अवलंबून राहिलं. मग पाणी सोडा म्हणून खाणीच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. आपल्याच कोठीतला तांदूळ कुणी उचलून न्यावा आणि मग वाटीभर आपल्यालाच दान म्हणून द्यावा, त्यातला हा प्रकार. खाणी बंद झाल्या तेव्हा दान देणाराही गेला. खंदक काठोकाठ भरला, त्याच्या खालच्या अंगाची शेतं मात्र कोरडी, कारण खंदकातून शेतात पाणी आणायची वाट तुझ्याखेरीज कुणी ठेवलीच नव्हती आणि तुझं वीजबिल भरायला कुणी नव्हतं. 2012 नंतर आणि पुन्हा 2018 नंतर हे खाणपट्ट्यात घडलं. पाणी समोर आणि शेत तहानलेलं, हा दुष्काळ कोणत्याच हवामान खात्याच्या नकाशावर येणार नाही.

गाळाबद्दल तुला थेट दोष देत नाही, पण तुझ्या नळातून तो येतो आणि तुझ्या शेजारच्या डंपावरूनही येतो, तेव्हा ऐकून घे. नदीचा गाळ सुपीक असतो, त्यावर लोक जगतात. खाणीचा गाळ वेगळा. जूनचा पहिला मोठा पाऊस डंपावरून उतरतो तेव्हा व्हाळ विटकरी होतो. बांध फुटला की ते पाणी शेतात शिरतं आणि तिथेच बसतं. गाळ ओला असताना पाय पोटरीपर्यंत आत जातो, टिलर रुततो, लावलेलं रोप उभं राहत नाही, कलतं. पाणी उतरलं की वर टणक खपली धरते. कुदळ मारली तर आवाज येतो. खपली उचलून रोप उपटून बघावं, तर जी मुळं पांढरी असायला हवीत त्यांच्यावर तांबूस-काळा लेप चढलेला. त्या मातीत कुजलेला पालापाचोळा नाही, गांडूळ नाही. लोह आणि मँगनीज मात्र भरपूर. असं शेत परत आणायचं तर वरचा थर खरवडून काढावा लागतो, तो कुठे टाकायचा हे आधी ठरवावं लागतं, मेरी पुन्हा घालाव्या लागतात, चुना आणि शेणखत द्यावं लागतं, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा लागतो, आणि हे सगळं करून काही वर्षं कमी उत्पन्नावर धीर धरावा लागतो. नांगर कुणी किती वर्षं असा धरील?

भरपाईचं मला सांगू नकोस. भरपाईचा चेक शेत पिकलं नाही म्हणून येतो. चेक घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, घरात माणसं आहेत, औषधपाणी आहे. पण शेत पिकवण्याची सवय त्यातून मोडली ती मोडलीच. ज्या पोराने बारा वर्षं व्हाळाला बंधारा घालताना पाहिलाच नाही, त्याला तेराव्या वर्षी पाणी कुठल्या खिंडारातून वळवायचं हे कुणी शिकवायचं? आमच्याकडे गावकरीच्या, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळण्याच्या, काळापासून बांधाची, पाटाची, पाण्याच्या पाळीची कामं ठरलेली होती. कुणाच्या शेताला कधी पाणी आणि पाट साफ करायला कुणी यायचं, हे लोकांच्या तोंडी होतं. ते विसरायला एक पिढी पुरते.

आणि आता शिबिरं होतात. शाश्वत शेती करा, पाणी वाचवा, ठिबक घाला, सेंद्रिय करा, कमी पाण्यावरचं भात लावा. बोलणारी माणसं चांगली असतात, अभ्यासू असतात, त्यांचं सांगणं खोटं नाही. ठिबकने पाणी वाचतं, हे मीही सांगीन. पण माझ्या कुळागरात ठिबकने जेवढं पाणी मी महिन्याभरात वाचवीन, तेवढं तू किती वेळात खंदकाबाहेर फेकतोस हे त्या शिबिरात कुणी सांगत नाही. गोव्यात 2002 पासून भूजलाचा कायदा आहे. मला विहीर खोदायची तर परवानगी काढावी लागते, आणि ती असावीच, माझा त्याला विरोध नाही. खाणीच्या पर्यावरण दाखल्यातही अटी असतात. भोवतालच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीच्या सुमारास, ही त्यातली नेहमीची अट. मोजलेले आकडे अहवालात जातात. ज्याची विहीर मोजली त्याच्या दारात ते आकडे मराठीत किंवा कोंकणीत कधी येणार?

तुझ्यासारखे पंप जगात दुसरीकडेही आहेत, तुझ्याहून फार मोठे. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला गार्झवायलर आणि हाम्बाख या कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. तिथेही भूजल खूप खोलवर उतरवावं लागलं. म्हणून 1950 च्या दशकाच्या अखेरीला त्या भागातल्या पाण्यासाठी कायद्याने वेगळी संस्थाच उभी केली. उपसलेल्या पाण्याचा काही भाग शुद्ध करून पुन्हा जमिनीत सोडला जातो, आसपासच्या पाणथळ जागा सुकू नयेत म्हणून. खाण संपल्यावर खड्डे भरायला ऱ्हाइनचं पाणी पाइपाने आणण्याची योजना आहे आणि त्याला कित्येक दशकं लागणार आहेत. तिथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथेही गावं उठली, माणसं रडली. पण पाणी उपसणाऱ्याने ते कुठे नेऊन सोडायचं हा प्रश्न तिथे विचारला गेला. आमचा खंदक त्यांच्यापुढे लहान, आमचा पाऊस त्यांच्या कितीतरी पट. इथे ते सोपं आहे.

तुझ्या बाजूने बोलणारेही माझ्याच गावात आहेत, आणि त्यांना मी शत्रू मानत नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकांचे हप्ते थकले, गॅरेजं ओस पडली, हॉटेलवाल्यांची गिऱ्हाइकं गेली. ते हाल खरे होते. पण लिलावासाठी 478 हेक्टरांच्या आसपासचा ब्लॉक नकाशावर आखला गेला तेव्हा त्या रेषेच्या आत घरं आली, देवळं आली, शेतं आली, तळी आली. ती वगळा, एवढीच गावाची मागणी, आणि तिच्यासाठी ट्रकवाल्यांची घरंही आमच्यासोबत उभी राहिली. त्यांच्याही अंगणात विहीर आहेच.

माझं मागणं चार वाक्यांत मावतं. तू दिवसाला किती पाणी उपसतोस आणि भोवतालच्या विहिरी किती उतरल्या, हे दोन आकडे दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावेत. तुझा नळ आधी गाळ बसवणाऱ्या टाक्यांत सोडावा, आणि निवळलेलं पाणी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पाळीने शेताला आणि कुळागराला द्यावं, पाळी गावाने लावावी. शेतातला आणि तळ्यांतला जुना गाळ खनिजाची पुढची खेप निघण्याआधी काढावा; सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये खनिजाच्या विक्रीतून कायम निधी बाजूला ठेवायला सांगितलं आहे, 2015 पासून जिल्हा खनिज निधीही आहे, तेव्हा पैसा नाही हे कारण ऐकून घेणार नाही. आणि खाण ज्या दिवशी संपेल त्या दिवशी खंदक तळं म्हणून गावाच्या ताब्यात यावा, काठ बांधलेला, खाली पाट काढलेला आणि तू चालू स्थितीत, वीज कुणी भरायची ते आधी लिहून ठेवलेलं.

हे झालं की ठिबकच्या शिबिराला पहिला मी येईन. कमी पाण्यात दोन पिकं काढून दाखवणारे शेतकरी या डिचोली तालुक्यात आजही आहेत. त्यांना कुणाचं दान नको, आपल्या झरीचं पाणी हवं आहे.

यंदा पाऊस सरला की तुला पुन्हा सुरू करतील. त्याआधी ग्रामसभा बोलवायला सांगितली आहे. तुझ्या नळाचं तोंड कुठे सोडायचं ते तिथे ठरायला हवं. मी माझा जमिनीचा एक-चौदाचा उतारा घेऊन येतो. तुझी कळ ज्यांच्या हाती आहे त्यांनी तुझ्या उपशाची वही घेऊन यावं, मूळ वही, झेरॉक्स नको.

मुळगावातला वायंगण करणारा एक शेतकरी